गंज

आमच्या पत्त्यातच गंज आहे. स्नेहलतागंज, इंदूर. शिवाय शहरात सियागंज आहे, मल्हारगंज आहे, मनोरमागंज आहे. गंज म्हणजे बाजार, पेठ. शब्द फारसीतून आलेला. पण घरात मराठी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? मला खरंच वाटायचं की आमच्या वस्तीला हे नाव आजोबांच्या गाडीवरून पडलंय. घराशेजारच्या बोळात ती उभी असायची आणि दर पावसाळ्यात आजी खिडकीतून बघून म्हणायची, "गंज वाढला गं." बाहेरची मुलं त्याच गोष्टीला 'जंग' म्हणायची. मी त्यांना दुरुस्त करायला जायचे आणि मार खाऊन यायचे.

या वर्षी परीक्षा संपल्यावर मी आणि पप्पांनी मिळून त्या गाडीचा गंज काढला. सगळा नाही निघाला. जेवढा निघाला त्याबद्दल लिहिते आहे.

गाडी म्हणजे मॅटाडोर पिकअप, १९८३ ची. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. बजाज टेम्पो या पुण्याच्या कंपनीची. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं 'टेम्पो' हे नाव हॅम्बुर्गच्या जर्मन कंपनीकडून घेतलं होतं, आणि आपण मराठी लोकांनी ते इतकं आपलंसं केलं की आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्या तोंडी टेम्पोच असते. साहित्य मंडळात परभाषेतून आलेल्या शब्दांवर चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी टेबल, पेन, रेल्वे सांगितलं. टेम्पो कुणालाच आठवला नाही, मलाही नाही. मॅटाडोर हे त्याच कंपनीचं १९६९ पासूनचं वाहन. पुढे कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. तिचा एक कारखाना आमच्याकडे पिथमपूरला आहे, पण पप्पा तिथे नाहीत. ते पिथमपूरलाच दुसऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काम करतात. म्हणजे दिवसभर सपाट पत्र्याला डायमध्ये दाबून आकार देणं हाच त्यांचा धंदा. घरी मात्र त्यांनी वीस वर्षं त्या गाडीच्या पत्र्याला हात लावला नव्हता.

मैत्रिणी तिला 'विंटेज' म्हणतात आणि तिच्यासमोर फोटो काढतात. कायद्यानं ती विंटेज नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केले; त्यांत ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तरच ती विंटेज, आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आमची जेमतेम बेचाळिशीची, त्यातून माल वाहणारी. तिला म्हणायचं तर जुनी म्हणा. समोरच्या अंकलचा शब्द आणखी सोपा होता, "ये कबाड़ कब हटा रहे हो?"

आजोबा संगमनेरकडचे. (अहिल्याबाईही नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आणि त्याही माळव्यात आल्या. आजोबा हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे म्हणे, जणू दोघं एकाच गाडीनं आले होते.) ते आले मिलमध्ये नोकरीसाठी, पण थोड्याच वर्षांत बर्फाच्या धंद्यात पडले. सकाळी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या उचलायच्या, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळायच्या, लग्नाच्या मांडवांत आणि सरबतवाल्यांकडे टाकायच्या. संध्याकाळी सराफ्यात. इंदूरचा सराफा दिवसा सोनारांचा आणि रात्री खवय्यांचा, हे तुम्हाला सांगायला नको. सोन्याची दुकानं बंद होऊन कुल्फीवाले मांडामांड करायला लागायचे त्या वेळी आजोबांची गाडी तिथे पोचलेली असायची. कुल्फीवाल्याला बर्फाबरोबर खडे मीठही लागतं, कारण मीठ घातलं की बर्फ शून्याच्याही खाली थंड होतो. म्हणून हौद्यात लाद्यांच्या शेजारी मिठाची पोती.

आता तुम्हीच विचार करा. लोखंड, पाणी, हवा आणि वर मीठ. गंजाला यापेक्षा चांगलं घर सापडलं नसतं. त्यात लाकडाचा भुसा. दरवाजाच्या खालच्या कडेला आणि हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. ती भुशानं बुजली. ओला भुसा तिथे वर्षानुवर्षं बसून राहिला आणि पत्रा आतून खाल्ला गेला. गाडी बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही. आम्हीच तिला बेचाळीसपैकी एकवीस वर्षं मिठाच्या पाण्यात आणि उरलेली एकवीस पावसात ठेवली.

२००४ मध्ये गाडी बंद झाली. त्याच वर्षी मी जन्मले. २००९ मध्ये आजोबा गेले. मला त्यांचं फारसं काही आठवत नाही, फक्त केबिनमध्ये त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवलेलं आठवतं. चाक फिरायचं नाही, मीच डोलायचे.

यंदा एप्रिलमध्ये बोळातली सांडपाण्याची पाइप बदलायची ठरली आणि गाडी हलवणं भाग पडलं. भंगारवाला आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारली आणि वजनावर भाव सांगितला. पप्पा म्हणाले, "देऊन टाकू." आजी काहीच बोलली नाही. त्या संध्याकाळी तिनं प्लॅस्टिकची खुर्ची बोळात नेली, गाडीच्या मागे ठेवली आणि जपमाळ तिथे बसून केली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी डास चावून पाय सुजले तरी तेच. चौथ्या दिवशी पप्पांनी भंगारवाल्याला फोन करून नको सांगितलं.

आजी गाडीच्या मागेच का बसायची, ते सांगते. पिकअपच्या मागचं खाली पडणारं दार असतं त्याला मराठीत फाळका म्हणतात. इंदुरात तो शब्द आमच्या घराबाहेर कुणाला कळत नाही. त्या फाळक्यावर पिवळ्या रंगात दोन शब्द लिहिलेले होते, 'उत्तम मेंढपाळ'. ख्रिस्ती वाचकांना वेगळं सांगायला नको, इतरांसाठी सांगते, की योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला हे नाव देतो. आजोबांची ती आवडती प्रतिमा. गाडी नवी आली तेव्हा त्यांनी पेंटर बोलावला. पेंटर हिंदी भाषक. त्यानं सुरेख अक्षरात लिहिलं, 'उत्तम मेंढपाल'. आजोबा म्हणाले, चालेल. आजी बालवाडीत शिकवायची. ती म्हणाली, नाही चालणार. पेंटर म्हणाला, "भाभी, ये मराठी वाला ळ यहाँ पढ़ेगा कौन?" आजीनं रॉकेलचा बोळा घेऊन त्याचा ओला ल पुसला, त्याच्याच हातातला ब्रश घेतला आणि ळ काढला. बाकीची अक्षरं पेंटरची, शेवटचं तेवढं आजीचं. नीट पाहिलं तर कळायचं. तो ळ जरा ठेंगणा होता आणि बालवाडीच्या फळ्यावर असावा तसा गोलमटोल.

पेंटरचं खरं ठरलं, कुणालाच वाचता आलं नाही. एकदा बकरी ईदच्या आधी एक गृहस्थ गाडी भाड्यानं मागायला आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या गाडीवर मेंढ्यांचं काहीतरी लिहिलंय. आजोबांनी त्या दिवशी बर्फ लवकर उरकला आणि बकरे पोचवून दिले.

काम सुरू झालं ते मे महिन्यातल्या एका रविवारी. ईस्टर काळातला चौथा रविवार होता, चर्चमध्ये तो उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतात. हे आम्ही ठरवून केलं नाही, पप्पांना त्या दिवशी सुट्टी होती एवढंच. पण आजीनं ते ठरवून केल्याचं सगळ्या कॉलनीला सांगितलं.

पप्पांनी मला आधी ऐकायला शिकवलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर हलके ठोकत जायचं. चांगला पत्रा टण वाजतो. आतून गेलेला पत्रा बद्द वाजतो, ओल्या पुठ्ठ्यासारखा. जिथे बद्द वाजेल तिथे खडूनं खूण. रंगाचा फुगवटा दिसला तर तिथे नक्कीच, कारण लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि रंगाला आतून ढकलतो. म्हणून जो फोड आपल्याला सुपारीएवढा दिसतो तो खाली तळहाताएवढा असतो. दुपारपर्यंत गाडी खडूच्या गोलांनी भरली. देवी आल्यासारखी दिसत होती.

मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून रंग काढणं. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, आणि तरी रात्री नाक शिंकरलं की लाल. जुन्या रंगांत शिसं असू शकतं म्हणून बराच भाग पप्पांनी पाणी मारून वॉटर पेपरनंच घासायला लावला. ते फार कंटाळवाणं काम आहे. मी एका कानात हेडफोन घालून पुढच्या सेमिस्टरची नाटकं ऐकत घासलं.

डाव्या दरवाजाच्या खालच्या भागाला ब्रश लावला तेव्हा ठिणग्याच उडाल्या नाहीत. नुसती पांढरी-गुलाबी भुकटी. पप्पांनी ग्राइंडर बंद केला. ती लांबी होती, गाडीचे रंगारी खड्डे बुजवायला वापरतात ती पुट्टी. सामान्यतः ती पातळ थरात लावायची असते. इथे बोटभर जाड होती. पप्पांनी पटाशी घालून ती उचकटली तसा हाताएवढा तुकडा निघून आला, आणि त्याच्या मागे पत्रा नव्हताच. भोक होतं, आणि भोकात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. मी तो उलगडला. हिंदी पेपर, १९९६ चा, क्रिकेटच्या वर्ल्ड कपची बातमी. मला गंमत वाटली. मी म्हणाले, "पप्पा, कुणीतरी फसवलं की आजोबांना! कुठल्या गॅरेजवाल्यानं केलं हे?"

पप्पा पटाशी पुसत राहिले. मग आत जाऊन चहा घेऊन आले. एकच कप, म्हणजे माझा विसरले. अर्धा चहा झाल्यावर म्हणाले, "मी करून घेतलं."

त्या वर्षी पप्पांना पिथमपूरची नोकरी लागली होती. घरोघरी फ्रीज येत होते, बर्फाचा धंदा उतरत चालला होता आणि आजोबांचे गुडघेही. पप्पांना वाटलं, गाडी विकली तर आजोबा सुटतील. सरळ विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून ब्रेकचं काम आहे असं सांगून त्यांनी गाडी गॅरेजला नेली आणि गंज झाकून वरून रंग मारून घेतला. गॅरेजवाला म्हणाला होता, पत्रा कापून नवा लावू. पप्पा म्हणाले, नको, दिसायला बरी करा, गिऱ्हाईक येणार आहे. गिऱ्हाईक आलं तेव्हा नेमके आजोबा घरी. त्यांनी चकचकीत दरवाजावर बोटाच्या पेरानं ठोकलं. एकदाच. बद्द. मग त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "भैया, ये अंदर से खाली है, मत लो." आणि पप्पांशी पुढे सहा महिने बोलले नाहीत.

"मग बोलले तेव्हा काय म्हणाले?" मी विचारलं.

"जेवण वाढ म्हणाले."

पप्पांच्या हातात तो बोळा होता. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "ह्या दरवाजाला वीस गेजचा पत्रा लागेल," आणि माप घ्यायला लागले.

मध्ये एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवरून धारला नेलं. मला वाटलं मांडवला जातोय. आम्ही गेलो लाट मशिदीपाशी. मशीद १४०५ मध्ये दिलावर खानानं बांधली. लाट म्हणजे खांब, आणि मशिदीला नाव पडलं ते तिथल्या लोखंडी खांबावरून. परमारांच्या काळातला, हजारेक वर्षांपूर्वीचा. आता त्याचे तीन तुकडे एका चौथऱ्यावर आडवे ठेवलेत. सगळे मिळून तेराएक मीटर भरतात, वजन सात टनांच्या आसपास. हजार पावसाळे, आणि अंगावर नुसता एक तपकिरी थर. पप्पांनी सवयीनं ठोकून पाहायला हात पुढे केला, मग पुरातत्त्वाचा फलक पाहून मागे घेतला.

दिल्लीच्या मेहरौलीच्या लोहस्तंभाचा अभ्यास आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी केला आणि धारच्या खांबाचाही. जुन्या भट्ट्यांमधल्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहायचा. हवापाण्याशी त्याचा संबंध आला की लोखंडावर फॉस्फेटचा एक पातळ थर धरतो आणि तोच पुढचा गंज अडवतो. आजच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्यानं धातू ठिसूळ होतो आणि असा पत्रा प्रेसमध्ये नीट वळत नाही, फाटतो. पप्पांच्या डायखाली धारच्या खांबाचा पत्रा एक दिवस टिकला नसता. म्हणजे वळायचं असेल तर गंजणं आलं. आणि गंमत अशी की आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून गंज मारायला जे द्रावण आणलं होतं ते फॉस्फोरिक आम्लाचंच होतं. जिथे पत्रा खड्डे पडूनही शाबूत होता तिथे ते ब्रशनं लावायचं. लाल गंज तासाभरात काळपट होतो, त्याचं फॉस्फेट बनतं. हजार वर्षं नाही, पण रंग धरेपर्यंत पुरतं.

जिथे पत्राच नाही तिथे मात्र औषध नाही, तिथे कापावंच लागतं. आणि गंजाच्या कडेनं कापून भागत नाही. बोटभर पलीकडे, टण वाजणाऱ्या पत्र्यापर्यंत जावं लागतं. कारण कुजक्या कडेला वेल्डिंग धरत नाही, ती वितळून भोक आणखी मोठं होतं. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा. आम्ही लग्नपत्रिका वापरल्या, जाड असतात. साचा भोकात बसला की तो नव्या पत्र्यावर ठेवून आखायचं. कोपरे गोल ठेवायचे, काटकोनात कापले तर उष्णता तिथे साठते आणि पुढे चीरही तिथूनच जाते. मी विचारलं, गंजू नये म्हणून जस्ताचा पत्रा का नाही लावत? पप्पा म्हणाले, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, शॉपमध्ये पाहिलंय. म्हणून साधा सीआर पत्रा.

वेल्डिंगला मिस्त्री बोलावले, देपालपूरकडच्या गावातले. दिवसाचे बाराशे. त्यांचं मशीन लावलं की आमच्या घरातले दिवे मंद व्हायचे आणि अंकल गॅलरीत यायचे. पातळ पत्र्याला एका दमात शिवण घालता येत नाही. एक टाका इथे, एक पार पलीकडे, मग थांबायचं, हात लावून बघायचं, पुन्हा एक टाका. घाई केली की पत्रा तापून पोट काढतो आणि मग जन्मभर दाबलं की टुक, सोडलं की टुक. मिस्त्री दोन टाक्यांच्या मध्ये बिडी ओढायचे. बिडी संपली की पत्रा थंड झाला, असं त्यांचं घड्याळ. डावा दरवाजा, चाकांवरची दोन्ही मडगार्डं आणि हौद्याचे दोन कोपरे व्हायला चार दिवस आणि बिडीची सहा बंडलं लागली. बुजलेली भोकं मी स्वतः ड्रिलनं मोकळी केली. एका भोकातून अजूनही भुसा निघाला, काळा, दमट. आजीनं तो चिमटीत घेऊन हुंगला.

फाळका शेवटी ठेवला होता. मुद्दामच. खालची कडा आतल्या घडीत गेली होती आणि उजव्या कोपऱ्यात गंज वर चढला होता. पप्पांनी ठोकत ठोकत खडूची रेघ ओढली. 'उत्तम' सुटलं. 'मेंढपा'सुद्धा सुटलं. रेघ बरोबर ळ च्या भोवतीनं गेली.

मी नको म्हणाले. आणि हे मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून फार मोठ्या शब्दांत म्हणाले. वरून पारदर्शक लॅकर मारू, आतून पट्टी लावू, जुन्या वस्तूची जीर्णताच तर जपायची असते, वगैरे. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही, इथे सांगते. गेल्या वर्षी आपल्याच मंडळाच्या काव्यवाचनात मी एक कविता वाचली. तिच्यात 'आभाळ' तीनदा होतं आणि मी तिन्ही वेळा 'आभाल' वाचलं. कुणी हसलं नाही. सगळे फार चांगले वागले, त्याचंच जास्त लागलं. शाळा इंग्रजी, बाजार हिंदी, मिस्सा हिंदी नाहीतर इंग्रजी. मराठी माझ्याकडे फक्त घरातून आलेली, आणि घरात ती आता मुख्यतः आजीकडून. ती गेल्यावर मी ळ कुणाकडून ऐकणार, असं काहीतरी त्या लॅकरच्या मागे होतं.

पप्पा म्हणाले, "लॅकर मारला की आतून खात राहील. मी एकदा केलंय तसलं काम."

आम्ही दोघं आजीकडे बघायला लागलो. तिनं जपमाळ मुठीत गुंडाळली आणि फाळक्यापाशी येऊन पेरानं ठोकलं. नव्वद टक्के ऐकू येत नाही तिला, पण हाताला कळलं असणार. म्हणाली, "काप. सडलेलं अक्षर काय पुजायचंय?"

मिस्त्रींनी कटिंग व्हील लावलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तुकडा खाली पडला तेव्हा वाजलाही नाही. तो मी उचलून ठेवला होता, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये ठेवणार होते. दोन दिवसांनी बघते तर ळ ची अर्धी कड माझ्याच बोटांत भुकटी झाली. उरलेला भाग अजून आहे, पण त्याला ळ म्हणायला आता आजीच हवी.

नवा पत्रा बसवताना मिस्त्रींनी मान तिरकी करून वाचलं, "उत्तम मेंढपा... आगे क्या था?" मी जीभ सांभाळत सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अच्छा, मेंढपाळ!" इतका स्वच्छ, इतका सहज ळ, की मी बघतच राहिले. ते माळवीत बोलणारे. माळवीत ळ आहे, राजस्थानीत आहे. गावाकडची माणसं तो रोज वापरतात. म्हणजे आजोबांच्या पेंटरला शहरात जो वाचणारा सापडला नाही तो चाळीस किलोमीटरवर गावोगाव बसला होता. मी त्यांना आणखी चारपाच शब्द म्हणायला लावले. त्यांना वाटलं पोरीचं डोकं उन्हानं फिरलंय.

वेल्डिंग घासून झालं, रेड ऑक्साइडचा हात दिला. फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात विटकरी रंगाचा एक चौकोन राहिला. पप्पा घाई करत होते, कारण रेड ऑक्साइड नुसताच ठेवला तर पाणी पितो आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. पूर्ण गाडीला मूळचा पांढरा मारायचा, पण फाळक्यावरच्या जुन्या अक्षरांना हात लावायचा नाही, एवढं ठरलं. चौकोनाला पांढरा मारून वाळवला. मग पिवळ्या रंगाची डबी आणि ब्रश आजीपुढे ठेवला.

आजीनं हात पुढे केला. तो थरथरतो हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, चहाची बशी वाजते त्यावरून. ब्रश पत्र्याला टेकण्याआधीच तिनं तो माझ्या हातात दिला. "मी सांगते, तू काढ. शिरोरेघेपासून जरा खाली ये. आता आडवा आठ. अगं, डावा गोळा लहान, एवढा मोठा काय करतेस? हत्तीचे कान झाले." मी पुसायला बोळा उचलला. "राहू दे," ती म्हणाली, "मी काढला तेव्हा तुझे आजोबा म्हणाले होते, चष्मा काढून ठेवलाय असं दिसतंय."

गाडी अजून सुरू होत नाही. इंजिनाचं पुढच्या वर्षी, पप्पांना बोनस मिळाला तर. रजिस्ट्रेशनचं काय करायचं ते त्याहून पुढचं. पाइप बदलून झाली, गाडी ढकलून पुन्हा बोळात आणली, त्या वेळी अंकलनीही एक हात लावला. पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी छत्री घेऊन भोकांतून पाणी नीट गळतंय का बघायला गेले. गळत होतं, सगळ्या भोकांतून, बारीक धारेनं. अंकलचा पहिलीतला नातू गाडीमागे उभा होता, बोट फाळक्यावर ठेवून.

"दीदी, ये आठ सो क्यों रहा है?"

"आठ नहीं है. ळ है."

"ल?"

"नहीं. जीभ पीछे ले जा. और पीछे. अब बोल."